कुंपणावरची जास्वंद

आमचा कुत्रा गुंड्या गळ्यात पट्टा अडकवला की फाटकाशीच बसकण मारतो. मी दोरी ओढतो, तो पाय रोवून मागे रेलतो आणि गल्लीला रोज सकाळी फुकटचा तमाशा बघायला मिळतो. आज तर पट्टा आवळून तो खोकायला लागला, तरी मी “चल म्हणतो ना!” करत हिसका दिलाच.

रस्ता झाडणाऱ्या मावशी खराटा टेकवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “दादा, दोरी ढिली सोडा की जरा. हुंगू द्या त्याला. येईल आपला आपण.”

चिडूनच मी दोरी सैल केली. गुंड्यानं शेजारच्या कुंपणाखालची माती निवांत हुंगली, अंग झटकलं आणि निमूट माझ्याबरोबर चालू लागला.

त्या कुंपणावर जास्वंद आहे. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यांच्या शेवटच्या वर्षी मी याच रस्त्यानं फिरायला न्यायचो. पूजेसाठी फुलं तोडायला ते इथं हमखास थांबायचे. दुसऱ्याच्या कुंपणाला हात लावतात म्हणून मला लाज वाटायची, वर ऑफिसची घाई. मी त्यांचं मनगट धरून ओढायचो. त्यांनी कधी पाय रोवले नाहीत. “आलो रे,” म्हणायचे आणि दोन फुलांची पिशवी सावरत मागून यायचे.

घरी आल्यावर गुंड्याच्या गळ्यावर वळ उठलाय का, ते मी केस बाजूला करून पाहिलं. अण्णांचं मनगट मी एकदाही पाहिलं नव्हतं.