शब्द नसलेली चिठ्ठी

लव्हिनिया ड्रिंगच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर गेल्या तीन वर्षांत कुणी जेवलं नव्हतं. टेबल चिठ्ठ्यांनी अडवलं होतं. इंग्रजी भाषेचा एक भलामोठा कोश तयार होत होता आणि देशभरातले हौशी वाचक जुनी-नवी पुस्तकं चाळून त्याच्यासाठी वाक्यं टिपून पाठवत होते. चिठ्ठीच्या डाव्या कोपऱ्यात शब्द, खाली साल, लेखक, पान आणि मग तो शब्द ज्यात आला आहे ते वाक्य. या चिठ्ठ्यांचे गठ्ठे टपालाने लव्हिनियाकडे येत. त्या सालवार लावायच्या, अर्थांप्रमाणे वेगळ्या करायच्या आणि परत पाठवायच्या, हे तिचं काम. मोबदला म्हणाल तर संपादकांचं वर्षाकाठी एक आभाराचं पत्र.

"मिस विनी, आपण माणसं स्वयंपाकघरात मांडीवर बशा घेऊन जेवतो," मिसेस पास्क तिला ऐकवायची, "आणि इथं शब्द बसलेत पाय पसरून. जावई आल्यासारखे." मिसेस पास्क त्या घरात वीस वर्षं स्वयंपाक करत होती, त्यामुळे तिला कुणी गप्प बस म्हणत नसे.

१८८६ च्या नोव्हेंबरात जो गठ्ठा आला तो 'कँट' या शब्दाचा होता. हा शब्द मुळात गाण्याचा. मग तो दारोदार हिंडणाऱ्या भिकाऱ्यांच्या रडक्या सुराला लागला, मग चोरांच्या आपापसातल्या बोलीला, आणि शेवटी पोचला चर्चमध्ये. मनात नसताना तोंडाने म्हटलेली देवाधर्माची भाषा, तिला कँट म्हणतात. लव्हिनिया पाद्र्याची मुलगी. या शब्दाची उदाहरणं शोधायला तिला पुस्तकांची गरज नव्हती. गावातल्या तीन चहापार्ट्या पुरल्या असत्या. शेजारणीचं दूध नासलं तरी "प्रभूची इच्छा" म्हणत डोळे मिटणाऱ्या बायका तिने आयुष्यभर पाहिल्या होत्या आणि त्यांना सँडविचेसही वाढली होती.

दोन दिवस ती मजेत काम करत होती. एक गोष्ट तिच्या ध्यानात आली आणि तिने ती वहीत टिपून ठेवली. दीडशेवर चिठ्ठ्या होत्या, तीनशे वर्षांतली माणसं होती, पण प्रत्येकाने हा शब्द दुसऱ्याला लावला होता. स्वतःला कुणीच नाही.

बुधवारी सकाळी तिच्या हाताला ती चिठ्ठी लागली. मजकूर वाचण्याआधीच तिने अक्षर ओळखलं. बारीक, उजवीकडे कललेलं, निब दाबून लिहिलेलं. तिचे वडील, रेव्हरंड ऑगस्टिन ड्रिंग, जाऊन पाच वर्षं झाली होती. शेवटची दोन वर्षं त्यांनीही कोशासाठी चिठ्ठ्या लिहिल्या होत्या हे तिला माहीत होतं. त्यांच्यामुळेच तर ती या कामात पडली. पण आजवर त्यांची एकही चिठ्ठी तिच्या वाट्याला आली नव्हती.

कोपऱ्यात लिहिलं होतं, कँट. खाली, १८५४. रेव्ह. ऑ. ड्रिंग, पुत्राच्या दफनविधीचे प्रवचन, पान ३. आणि मग वाक्य: "आमच्या घरातून काहीही गेलेले नाही. जे देवाचे होते ते देवाजवळ सुखरूप आहे, आणि आम्ही कृतज्ञ आहोत."

लव्हिनियाने वाक्य दोनदा वाचलं. त्यात 'कँट' हा शब्दच नव्हता. कोशाच्या कामात याहून ढोबळ चूक नाही. ज्या वाक्यात शब्द नाही ती चिठ्ठी सरळ टोपलीत टाकायची, हा पहिला नियम, आणि तो तिला वडिलांनीच शिकवला होता. म्हातारपणी डोकं चालेनासं झालं असेल, असं ती क्षणभर मनाशी म्हणाली. पण तिने स्वतःला फार वेळ फसवलं नाही. दोन हजार चिठ्ठ्यांत एक स्वल्पविराम चुकू न देणारा माणूस नेमका आपल्याच प्रवचनाच्या वाक्यावर कसा चुकेल? वाक्यात शब्द नव्हता, कारण ते सगळं वाक्यच तो शब्द होतं.

फेलिक्स, तिचा धाकटा भाऊ, तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि ती अकरा. फेब्रुवारीत गावामागचा कालवा गोठला, सगळं गाव स्केट्स बांधून बर्फावर उतरलं. पुलाखाली बर्फ पातळ होतं. तिसऱ्या दिवशी वडील प्रवचनाला उभे राहिले, एकदाही न अडखळता बोलले, आणि शेतकरी माणसं हमसून हमसून रडली. गावाने वर्गणी काढून ते आठ पानी प्रवचन काळ्या चौकटीत छापलं. घरात फेलिक्सचं नाव त्यानंतर निघालं नाही. निघायचं ते फक्त त्या आठ पानांतून. पुढे आईची दृष्टी गेली, तेव्हापासून दर रविवारी जेवणानंतर वडील तिला ते वाचून दाखवायचे. ते गेल्यावर लव्हिनिया वाचू लागली. आईचा सगळा आधार त्या प्रवचनावर आहे, हे त्या घरात भिंतींनाही ठाऊक होतं.

त्या बुधवारपासून घर तिच्या अंगावर येऊ लागलं. धुराड्यात वारा शिरला की वडील प्रवचनाआधी घसा खाकरायचे तसा आवाज व्हायचा. पूर्वीही होत असेल, पण आता तो आवाज बोलायला सुरुवात करायच्या आधीचा वाटे, आणि मग कुणी बोलत नसे. तिने चिठ्ठी शेकोटीवरच्या फळीवर ठेवली, तिथून प्रार्थनेच्या पुस्तकात, तिथून एप्रनच्या खिशात. कालव्याकडून जायचं तिने टाळलं आणि पावासाठी लांबचा वळसा घेतला. आपल्याला भीती वाटते आहे, हे तिला कळत होतं. वडिलांच्या भुताची नव्हे. सत्तावीस वर्षं शेजारच्या खुर्चीत बसलेला माणूस आपल्याला कधी दिसलाच नाही, याची.

"बाबा, हे लिहिलंत कुणासाठी?" शुक्रवारी ती रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली.

"मला म्हणालात, मिस विनी?" मिसेस पास्कने आतून विचारलं. "बटाटे संपलेत म्हणून विचारते."

उत्तर तिला ठाऊक होतं. एका परक्या संपादकासाठी. कबुली त्यांनी टपालात टाकली होती, कुणा ना कुणा अनोळखी माणसाने ती वाचावी म्हणून. ती कुणीच वाचली नाही. एका खणात पाच वर्षं पडून राहिली आणि फिरून त्यांच्याच घरी आली. ती जाळून टाकली तर कुणाला पत्ता लागणार नव्हता. पण रविवारी वाचायचं कसं? आईचे कान तिच्या गेलेल्या डोळ्यांची भरपाई करत होते. एक खोटा सूर लागला तर चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिच्या पायाखालचं उरलंसुरलं काढून घेतल्यासारखं झालं असतं.

रविवार आला. मटण झालं, मिसेस पास्क भांडी घासायला गेली. आई खिडकीशी हात मांडीवर ठेवून बसली. "चल, विनी," ती नेहमीसारखी म्हणाली.

लव्हिनियाने वाचायला घेतलं. तिने आवाज ताठ धरला. शब्दांकडे न बघता शब्द वाचायचे, एवढंच तिने ठरवलं होतं. पहिलं पान गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या पानावर ते वाक्य आलं, आणि तिने ते एकदाही न अडखळता वाचून टाकलं.

"थांब," आई म्हणाली.

लव्हिनियाने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"आज अगदी हुबेहूब वाचलंस. त्यांच्यासारखं."

"बाबा रविवारी वाचायचे तसं?"

"नाही गं. पहिल्यांदा. चर्चमध्ये. एकेक शब्द घासूनपुसून लख्ख, आणि आत कुणी नाही." आईने तोंड तिच्याकडे वळवलं. "काय झालंय ते सांग. बुधवारपासून तू घरात चोरासारखी वावरतेस."

लव्हिनियाला खोटं बोलता आलं असतं. त्या घरात त्याची सवय सगळ्यांनाच होती. तिने खिशातून चिठ्ठी काढून आईच्या हातात दिली. आईने बोटं फिरवली. दाबून लिहिलेल्या अक्षरांचे उठाव कागदामागे उमटले होते.

"त्यांचं अक्षर," आई म्हणाली. "वाच."

लव्हिनियाने कोपऱ्यातल्या शब्दापासून पान क्रमांकापर्यंत सगळं वाचलं. शब्द काय आहे हे आईला समजावून सांगावं लागलं नाही. तीही पाद्र्याच्या घरात पन्नास वर्षं राहिलेली बाई होती.

"म्हणजे कुणाला तरी सांगितलं त्यांनी," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर आलेलं समाधान पाहून लव्हिनियाला रडू फुटलं.

"तुला माहीत होतं?"

"ते बोलून खाली उतरायच्या आधीच."

"मग दर रविवारी वाचून कशाला घेत होतीस, आई? इतकी वर्षं?"

"मला वाटायचं, त्यांना ते हवंय. स्वतःच्या तोंडून पुनःपुन्हा ऐकलं तर कधीतरी खरं वाटेल त्यांना. आणि ते गेल्यावर वाटलं, आता तुला हवंय." आईने चिठ्ठी मांडीवर सपाट केली. "आणि ते बापडे माझ्यासाठी वाचत होते, नाही का?"

लव्हिनियाने मान हलवली. आईला ते दिसणार नाही हे तिला उशिरा सुचलं, पण आई उत्तरासाठी थांबली नव्हती.

"मी नव्हते कृतज्ञ, विनी. एक दिवससुद्धा. रात्री पाठ करून पडले की मी देवाला नाही नाही ते बोलायचे, आणि हे जागे असतील म्हणून उशी तोंडात धरायचे." तिने चिठ्ठी पुढे केली. "बांध ती गठ्ठ्यात. त्यांनी ती आपल्यासाठी लिहिली नव्हती."

"त्यात शब्द नाही, आई. संपादक टोपलीत टाकतील."

"टाकू देत. तू तिच्या सालावर लाव."

लव्हिनियाने उठून टेबलावरच्या ओळीत १८५३ आणि १८५७ च्या मधे चिठ्ठी ठेवली. तिच्या पाठीमागे आई अजून खिडकीकडे तोंड करून बोलत होती, आणि ते लव्हिनियाशी नव्हतं.

"मला विचारायचं होतंत तुम्ही," ती म्हणत होती. "एकदा तरी विचारायचं होतंत. मी सांगितलं असतं."