बाबांसाठी काढलेला सॅमनचा परवाना

पहिल्याच दिवशी माझी चूक झाली. नियमपत्रक चार पानांचं होतं. त्यातली तीन पानं मी पेन्सिल हातात घेऊन वाचली होती. गळ किती मोठा, काठी किती लांब, मासा लागला तर त्याला पाण्याबाहेर किती वेळ ठेवायचा, सगळं. चौथ्या पानावर वार दिले होते. वार मला माहीतच होते. आमच्या घरात सोमवार, गुरुवार आणि शनिवारी मासे नसतात आणि रविवारी असतात. ते लहानपणापासून इतकं ठरलेलं आहे की मासे धरायला जायचं म्हणजे रविवारीच, याबद्दल माझ्या मनात शंकासुद्धा आली नाही.

दोन हजार सहाचा फेब्रुवारी होता. सकाळी नऊला मी, बायको आणि बाबा एडिनबराहून निघालो आणि सव्वादहाला नदीवर पोचलो. कार पार्कमध्ये आमची एकटीच गाडी होती. मी छातीपर्यंत येणारी रबरी पँट चढवत होतो, तेवढ्यात नदीचा राखणदार कुत्रा घेऊन आला. साठीचा, लाल नाकाचा माणूस. त्यानं माझा परवाना पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी शांतपणे सांगितलं की स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमन धरत नाहीत. कायदा आहे. शंभर वर्षांहून जुना.

मी बाबांना मराठीत सांगितलं. आणि सांगतोच आहे तर तेव्हाच सगळं सांगून टाकावं म्हणून दुसराही नियम सांगितला, की वसंतातला मासा धरला तरी परत सोडायचा.

बाबांनी मफलर सोडून पुन्हा बांधला. "म्हणजे शनिवारी मारुती खाऊ देत नाही, रविवारी सरकार धरू देत नाही, आणि धरला तरी सोडायचा. तुमच्या सरकारचं आणि मारुतीचं आधीच बोलणं झालेलं दिसतंय."

बायको गाडीला टेकून हसत राहिली. घरी फ्रिजमध्ये तिनं बाबांच्या सांगण्यावरून तिरफळं घालून वाटण करून ठेवलं होतं. त्यात आम्ही सुपरमार्केटमधला बांगडा शिजवला.

हा सगळा खटाटोप कशासाठी होता, ते सांगायला हवं. आई आदल्या पावसाळ्यात गेली. बाबा देवगडजवळच्या आमच्या गावात, खाडीकाठच्या घरात एकटे राहिले. वय अठ्ठ्याहत्तर. जानेवारीच्या शेवटी मी त्यांना सहा महिन्यांच्या व्हिसावर आणलं, आणि माझ्या मनात त्यांना परत पाठवायचं नव्हतं. त्यांच्या वयाच्या आईवडिलांना मुलाजवळ कायमचं राहू देण्यासाठी एक फॉर्म भरावा लागे. तो मी भरून ठेवला होता. फक्त त्यांची सही बाकी होती. माझी नोकरी विमा-गणिताची. कोणत्या वयाची माणसं साधारण किती वर्षं जगतात याची कोष्टकं तपासण्यात माझा दिवस जातो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एकट्या राहणाऱ्या माणसाच्या ओळीत कोणता आकडा असतो, हे मला पाहावं लागत नव्हतं.

पण आमच्या घरात दिवसभर कोणी नसे. मी साडेसातला जायचो. बायको हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, तिच्या शिफ्टचा नेम नाही. मुलगी ग्लासगोला शिकायला. बाबा खिडकीशी बसून राहत. संध्याकाळी विचारलं की म्हणत, "बरं गेलं." त्यांना काय आवडतं, असा विचार करायला लागलो तेव्हा मला एकच गोष्ट आठवली. गावी पोस्टातल्या नोकरीवरून घरी आले की ते गरी, म्हणजे हातदोरीचा गळ, घेऊन खाडीवर गरवायला जात. अंधार पडेपर्यंत. म्हणून परवाना. जूनअखेरपर्यंतचा, दोघांचा.

काठी दिली आणि गळ फेकायला शिकवलं माझ्या मित्रानं. मित्र नागपूरचा, बायकोच्याच हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, या गावात मला 'अबे' म्हणणारा एकटा माणूस. त्या रविवारी तो ऑन-कॉल होता, नाहीतर ती चूक झालीच नसती. दुसऱ्या दिवशी फोनवर तो इतका हसला की मला रिसीव्हर लांब धरावा लागला.

"अबे, रविवारी इथं सॅमनसुद्धा चर्चला जाते! मला विचारायचं ना!"

त्यानंतर आम्ही शनिवारी जायला लागलो. बाबा यायचे, पण शनिवारी ते काठीला हात लावायचे नाहीत. मासा खायचा नाही त्या दिवशी तो छळायचाही नाही, असं त्यांचं म्हणणं. घडीच्या खुर्चीवर, दोन स्वेटर आणि माझा जुना ओव्हरकोट घालून ते काठावर बसत. मी आणि मित्र कमरेपर्यंत पाण्यात उभे. मी वहीत नोंदी ठेवायचो. मोजपट्टीवर पाण्याची उंची, थर्मामीटरवर पाण्याचं तापमान, वारा, किती वेळा फेकलं, काय लागलं. आठ शनिवारांत मी एकूण सव्वीसशेच्या वर वेळा फेकलं आणि शेवटच्या रकान्यात आठ शून्यं झाली. मित्राला दोन मासे लागले. दोन्ही वेळा बाबा खुर्चीवरून उठून उभे राहिले, आणि मासा सोडल्यावर बसले.

"हा मासा नदीत आल्यावर काही खात नाही म्हणतोस," त्यांनी मित्राला एकदा विचारलं.

"नाही काका. समुद्रातून आला की उपास."

"मग गळाला लागतो कशाला?"

"ते त्यालाही माहीत नाही अन् आपल्यालाही नाही. कोणी म्हणते चिडतो, कोणी म्हणते जुनी सवय."

"आणि माझा मुलगा गळ फेकतो तिथे त्याला चीडसुद्धा येत नाही."

"काका, तुमचा मुलगा फेकते कमी अन् मोजते जास्त."

दोघे माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. त्या दोघांचं माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं. मी पाण्यात असलो की काठावर त्यांच्या गप्पा चालत, आणि मी बाहेर आलो की त्या साधारण थांबत. हे मी वहीत लिहिलं नाही, पण माझ्या लक्षात आलं होतं.

एप्रिलमध्ये मी निर्णय घेतला की बुधवारी रजा घ्यायची. बुधवार आमच्या घरात माशांचा आणि सरकारच्या हिशेबातही मोकळा. वर्षाच्या रजेतले चार दिवस त्यासाठी काढले. बाबांच्या मापाची रबरी पँट घेतली, तळाला खिळे असलेले बूट घेतले. पहिल्या बुधवारी निघायच्या आधी बायकोला सोडायला गेलो, तेव्हा मित्रानं हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये मला गाठलं. तो त्याची जाळी द्यायला आला होता. जाळी दिली तरी तो जाईना.

"एक सांगू का? काका मला विचारत होते, तिकीट अलीकडं करून मिळते का म्हणून."

"तुला?"

"हो ना. बीपीपण तपासून घेतलं माझ्याकडून. प्रवासाला चालेल ना, म्हणे."

"मला का नाही विचारलं?"

"लाजतात, अबे. तू एवढी तयारी केली. बूट काय, पँट काय." त्यानं जाळीची मूठ उगाच तपासली. "तू बोल त्यांच्याशी. फॉर्म पुढं नको करू, बोल."

मी बोलतो म्हणालो. तो बुधवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. गाडीत जाताना तास, येताना तास, आणि मधे सहा तास आम्ही दोघंच. मी त्यांना पाण्यात पाय कसा टाकायचा ते सांगितलं, दोरी कुठे पडायला हवी ते सांगितलं. फॉर्म प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये गाडीच्या मागच्या सीटवर होता. त्यांनी तो पाहिला होता, आणि मी त्यांना पाहताना पाहिलं होतं.

चौथा बुधवार मेच्या मध्यावर आला. पाणी एक फूट सात इंच, तापमान बावन्न फॅरनहाइट. सव्वाअकरा वाजता बाबांची दोरी वाहत्या पाण्याच्या शेवटाशी गेली आणि थांबली. ते ओरडले नाहीत. त्यांनी फक्त काठी जरा उचलली आणि मला म्हणाले, "बाजूला हो."

मी बाजूला झालो. पुढची अठरा मिनिटं त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की काय करू. मासा पळाला की दोरी सोडत, थांबला की घेत. रिळाकडे बघतही नव्हते, दोरीवर डाव्या हाताची दोन बोटं ठेवली होती, खाडीवर ठेवत तशी. राखणदार वरच्या वाटेनं चालला होता, तो थांबला आणि कुत्र्यालाही त्यानं बसवलं. मी जाळी पाण्यात धरली आणि मासा तिच्यात आला. चांदीच्या भांड्यासारखा, अंदाजे नऊ पौंडांचा.

"सोडायचा ना?" बाबांनी विचारलं.

"हो."

"दे इकडे."

त्यांनी बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात पाण्यात घातले. माशाचं तोंड प्रवाहाकडे करून त्याला धरलं, शेपटीशी एक हात, पोटाखाली एक. तो दमलेला होता. चार मिनिटं ते तसेच वाकून उभे होते. मी त्यांच्या कमरेला धरलं होतं, पाय घसरू नये म्हणून. मोठा झाल्यावर मी त्यांना इतका वेळ कधी धरलं नव्हतं. मग माशानं शेपटी मारली आणि गेला. राखणदारानं वरून टोपी काढली आणि मला ओरडून सांगितलं की तुझ्या बापाला आधी कोणीतरी शिकवलेलं आहे. मी ते मराठीत सांगितलं. बाबा खूश झाले. गार पडलेले हात त्यांनी काखेत घातले.

गाडीशी येऊन आम्ही थर्मासमधला चहा घेतला. मला वाटलं, आता. मी फोल्डर काढला.

"बाबा, इथे फक्त तुमची सही हवी."

त्यांनी फोल्डर मांडीवर घेतला, उघडला नाही.

"मला इथे येऊन एकशे आठ दिवस झाले," ते म्हणाले. मी मनात मोजलं. बरोबर होतं. "तुम्ही घरातली सोडून किती माणसं माझ्याशी बोलली सांगू? सात. तुझा मित्र, हा कुत्र्यावाला, औषधवाली, शेजारचा दोनदा, तो एकच धरला. बाकीचे बसमधले. आणि एका बाईनं रस्त्यात मिठी मारली, पण तिनं मला दुसराच कोणीतरी समजलं होतं."

"हे तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"तू विचारलंस दिवस कसा गेला. दिवस बरा जायचा." ते थोडे हसले. "गावात सकाळी पेपर घ्यायला गेलो तरी सात होतात रे."

मी मुद्दे सांगायला लागलो. मी ते तयार केलेलेच होते. डॉक्टर घरापासून सहा मिनिटांवर. बस फुकट. घर गरम. तिकडे रात्री छातीत दुखलं तर गाडी मिळून तालुक्याला पोचेपर्यंत दीड तास. त्यांचं वय, एकटं राहणं, माझ्या कोष्टकातली ओळ. तो आकडासुद्धा सांगितला. असा आकडा बापाला सांगू नये हे मला सांगताना कळत होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "हे सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. "आणि?"

"आणि काय?"

"आणखी काही आहे का?"

ते माझ्याकडे बघत होते. घाई नव्हती त्यांना. नदीवर दुसरं कोणी नव्हतं. मला एक वाक्य बोलायचं होतं, चार शब्दांचं असेल. ते कुठल्या तोंडानं बोलतात ते मला माहीत नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी मी घर सोडलं, त्यानंतर आमच्यात तसलं बोलणं झालंच नव्हतं. मी चहाचा कप झटकला आणि म्हणालो, "व्हिसा सव्वीस जुलैपर्यंत आहे. तोपर्यंत विचार करा."

"बरं," ते म्हणाले, आणि फोल्डर माझ्या हातात दिला.

तिकीट अलीकडचं मीच करून दिलं. मेच्या शेवटच्या आठवड्यातलं. मित्र विमानतळावर येणार होता, पण त्याला ऑपरेशन थिएटरमधून निघता आलं नाही. सुरक्षा तपासणीच्या दाराशी बाबांनी बायकोच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "दोरीवर बोटं ठेव, मोजू नको." मग व्हीलचेअर ढकलणारी मुलगी त्यांना घेऊन गेली. ते तिच्याशी इंग्रजीत काहीतरी बोलत होते आणि ती हसत होती.

परत येताना बायको गाडी चालवत होती. बायपास लागल्यावर तिनं विचारलं.

"तू त्यांना राहा म्हणालास ना?"

"फॉर्म दिला होता की."

"फॉर्म नाही रे. राहा असं म्हणालास का?"

"नाही."

"मीही नाही म्हटलं," ती म्हणाली. "मला वाटलं, ते तू म्हणायचंस."

परवान्याचे पाच शनिवार उरले होते. त्यातल्या तीन शनिवारी मी गेलो. मित्राला ते तिन्ही दिवस ड्युटी होती, म्हणून एकटाच. शेवटच्या शनिवारी राखणदारानं वरच्या वाटेवरून हात केला आणि विचारलं, म्हातारा कुठे आहे? मी म्हणालो, घरी गेला. त्याला वाटलं, आमच्या एडिनबराच्या घरी. पुढच्या वेळी घेऊन ये म्हणाला. मी हो म्हणालो.