कडीवरचा शेंदूर

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठल्या खुनातला कोयता कुठल्या विहिरीत सापडला, हे माझ्यापेक्षा बायकोलाच नीट आठवतं. शिरूरला असतानाची कंटेनरची केस मात्र मी अजून झोपेतून उठवलं तरी सांगेन. त्या केसमध्ये एका निरपराध बाईच्या अटकेचे कागद माझ्या टेबलावर तयार होते आणि फक्त सही करायची बाकी होती.

तालुक्यातल्या डाळिंब बागायतदारांनी मिळून एक कंपनी काढली होती. डाळिंबं सोलायची, दाणे गोठवायचे, खोक्यांत भरायचे आणि कंटेनरमधून बोटीने परदेशी पाठवायचे. कंटेनर म्हणजे चाकांवरचा मोठा फ्रीजच. त्याला स्वतःचा जनरेटर असतो आणि आत उणे अठरा अंश. पहिलाच कंटेनर वाजतगाजत गेला, बंदरावर पोचला, आणि बोटीवर चढण्याआधी कस्टमने तपासणीसाठी दार उघडलं. दाराजवळच्या दोन रांगा व्यवस्थित होत्या. त्यांच्या मागची दोनशेच्या वर खोकी गायब होती. सील शाबूत होतं, त्याच्यावरचा नंबरही तोच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच कंपनीचे संचालक ठाण्यात हजर झाले. अध्यक्ष आप्पा सत्तरीचे. ते टोपी मांडीवर घेऊन बसले. बोलायचं काम दुसऱ्या एका संचालकाने घेतलं होतं.

"साहेब, सील तुटलेलं न्हाई. म्हंजी माल आत गेलाच न्हाई. ज्यानं मोजला त्यानंच घोळ केला."

"कोणी मोजला?"

"सुपरवायझर बाईनं. सही हाय तिची." मग जरा पुढे वाकून म्हणाला, "आन् साहेब, पूजेला बी लांबच उभी होती. कुंकू लाव म्हटलं तरी पुढं आली न्हाई."

पहिला कंटेनर म्हणून त्यांनी नारळ फोडला होता, दाराला झेंडूची माळ घातली होती. आप्पांनी स्वतः दाराच्या कडीला हळदकुंकू लावलं होतं. सुपरवायझर गावातल्या बौद्ध वस्तीतली. ती पूजा करत नाही, एवढंच त्यात होतं. ते त्या संचालकालाही माहीत होतं आणि मलाही समजत होतं. तरी खरं सांगतो, ते वाक्य माझ्या डोक्यात बसून राहिलं. आमच्या खात्यात तीस वर्षं काढली की डोक्यात असला कचरा साचतो, आणि मला त्याची आजही लाज वाटते.

अटकेचे कागद तयार करायला सांगितले आणि तिला बोलावलं. महिला अंमलदार शेजारी बसवली आणि जबाब घ्यायला सुरुवात केली. अठ्ठावीसेक वर्षांची असेल. फूड टेक्नॉलॉजी शिकलेली, बोलायला ठाम.

"साहेब, मोजल्याशिवाय मी सही करत न्हाई. एक एक खोकं माझ्यासमोर आत गेलंय."

"मग गेलं कुठं?"

"ते तुम्ही शोधा." मग तिचा आवाज खाली आला. "आमच्या वस्तीतल्या अकरा जणी माझ्या शब्दावर तिथं कामाला लागल्यात. मी चोर ठरले तर उद्या त्या बी घरी बसतील. परत कुणी उभं करणार न्हाई आम्हाला."

रडली नाही. मला ते जास्त लागलं.

"पूजेच्या वेळी लांब का उभ्या होता?"

"शूटिंग करत होते. सगळे पूजेत, मग काढणार कोण?"

हा प्रश्न मी सर्वांत शेवटी विचारला. तो पहिला विचारायला हवा होता.

तिच्या फोनमध्ये सगळं होतं. नारळ, माळ, आप्पांचा हात, कडीवर आधी हळद आणि त्यावर कुंकवाचं बोट. मग दार बंद झाल्यावर सील, कडी आणि कडी ज्याने दाराला पक्की केलेली असते त्या रिव्हेटचे जवळून काढलेले फोटो. कुंकू बरोबर त्या रिव्हेटवर होतं. कंपनीच्या बंदरावरच्या माणसाने दार उघडण्याआधीचे फोटो पाठवले होते, ते मी शेजारी ठेवले. तिथेही कडी लाल दिसत होती. मी फोन परत करणार, तेवढ्यात चहा घेऊन आलेले आमचे हवालदार मागून डोकावले.

"साहेब, हे कुंकू न्हाई. शेंदूर हाय."

"फोनच्या कॅमेऱ्यात रंग बदलतो हो."

"रंग बदलंल, चमक कशी यील? शेंदूर तेलात कालवत्यात. मी दर शनिवारी मारुतीला लावतो, तीन दिवस नखातनं निघत न्हाई."

मी फोटो मोठा केला. हळदीचा मागमूस नव्हता. केशरी रंगाचा तेलकट ठिपका, आणि त्याच्याखाली रिव्हेटचं डोकं नव्या रंगाने रंगवलेलं. बंदरावर फोन लावून ते खरवडून बघायला सांगितलं. अर्ध्या तासात उत्तर आलं: रिव्हेट नवं आहे.

म्हणजे सीलला हात लावायची गरजच पडली नव्हती. रिव्हेट कापलं की कडी सीलसकट बाजूला होते. मधला माल काढायचा, दाराजवळच्या रांगा परत लावायच्या, नवं रिव्हेट ठोकून वर रंग मारायचा. तयार अटकेचे कागद मी तिच्यासमोरच फाडले आणि स्टेशन डायरीला नवी नोंद घ्यायला लावली.

आता कंटेनर वाटेत थांबला कुठे? जीपीएसने दाखवलं, पुणे रस्त्यावरच्या सणसवाडीत दोन तास, भरदुपारी. ड्रायव्हरकडे कारणही होतं: जनरेटर बंद पडला, मेकॅनिककडे नेला. पावतीसुद्धा होती, पण कोऱ्या बिलबुकातली, गॅरेजचं नाव नसलेली. सणसवाडीत मेकॅनिकचे आणि फॅब्रिकेशनचे पत्र्याचे शेड किती, हे तिथे राहणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. कुठलं शेड हे शोधण्यातच आठवडा गेला असता.

पण खबर चालत आली. शिरूरच्या एसटी स्टँडजवळचा एक ज्यूसवाला हवालदारांचा ओळखीचा. तो कुरकुर करत आला.

"सणसवाडीत एक जण डाळिंबाचा ज्यूस निम्म्या भावात इकतोय. माझं गिऱ्हाईक सांगत होतं. मी जाऊन बघितलं साहेब. हातगाडीखाली सालीचा एक तुकडा न्हाई. साल न काढता डाळिंब पिळतो का त्यो?"

माझ्या अनुभवात निम्म्या खबरा देशहितासाठी येतात असं कुणी म्हटलं तर मी हसेन. त्या पोटदुखीतून येतात, आणि म्हणूनच बहुतेक खऱ्या असतात.

साध्या कपड्यांत जाऊन मी आधी दोन ग्लास प्यायलो. गुणवत्ता निर्यातीचीच होती. मग पंच बोलावले. तिथल्या ज्यूसवाल्याने लगेच मागच्या शेडकडे बोट केलं. शेडचा मालक पूर्वी कुरकुंभच्या कंपन्यांत वेल्डिंग करायचा, हात सफाईदार. त्याने तिथे आइस्क्रीमवाल्यांचे जुने डीप फ्रीझर ओळीने लावले होते. उघडले तर लेबलं फाडलेली खोकी. ग्राइंडर, कापलेलं रिव्हेट, रंगाचा डबा, सगळा मुद्देमाल एका पंचनाम्यात आला. कापलेल्या रिव्हेटवर हळद आणि कुंकू अजून होतं. ते पाहून मला झालेला आनंद मी लपवला नाही.

ड्रायव्हर दौंडचा. घरासमोरच ट्रक उभा करून बाजेवर पडला होता. आम्हाला बघून उठला, आधी बायकोला पाणी आणायला सांगितलं, मग पावती दाखवली. पावतीवर तो इतका ठाम होता की मी तिला हातही लावला नाही. म्हटलं, जरा केबिन दाखव.

डॅशबोर्डवर छोटा मारुती. शेजारी पितळी वाटीत शेंदूर.

"रोज पूजा करतोस?"

"व्हय साहेब. त्याच्याशिवाय गाडी सुरू करत न्हाई."

मी दोन्ही फोटो त्याच्यासमोर धरले. तो केबिनच्या पायरीवर खाली बसला.

"रिव्हेट कापलं तवा म्हाताऱ्यानं लावलेलं कुंकू गेलं. देवाचं हाय, तसंच मोकळं कसं न्यायचं? माझ्याकडं कुंकू नव्हतं साहेब."

चोरी करताना तो घाबरला नव्हता. कुंकू पुसलं गेलं, तेव्हा घाबरला. बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारात तशीच उभी होती.

तो माल परत गोठवून परदेशी पाठवणं शक्य नव्हतं. बागायतदारांनी पुन्हा डाळिंबं सोलली आणि दुसरा कंटेनर भरला. मला नारळ फोडायला बोलावलं. आप्पा हळदकुंकवाचं ताट घेऊन पुढे झाले, मग थांबले आणि मागे वळून सुपरवायझरला हाक मारली.

"ताई, तू उभी ऱ्हा तिथंच. नीट दिसतंय का?"

"दिसतंय, आप्पा."

"मग मी लावतो. तू फोटो काढ. तू काढल्याशिवाय हे दार लागायचं न्हाई." सर्वांसमोर त्यांनी तिला हात जोडले. लांब उभी होती म्हणणारा तो संचालक तिच्या मागे तिची पर्स धरून उभा होता. ती सावकाश, एकेक रिव्हेटचा फोटो काढत होती, आणि अकरा जणी हसत होत्या.

तपासात पूजेला कोण कोण होतं ते मी सर्वांना विचारलं होतं. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला तिथून काय दिसलं, हे विचारायला निवृत्तीजवळ आल्यावर शिकलो. महिन्याने तिचा फोन आला. म्हणाली, "साहेब, पोचला. एक खोकं बी कमी न्हाई."