शिट्टी वाजली की सावधान

पिंगळी स्टेशनावर गाडीची वाट पाहत होतो. माझा जुना सवंगडी ज्ञानोबा धावत आला अन् म्हणाला, "हवालदारमामा गेले रे." पाच आठवडे झाले... अजून त्यांच्यावर लिहायला बसलो की आधी हसूच येतं.

लढाईनंतर मामा पलटणीतून आमच्या झरी गावाला परतले ते एक फुटबॉल, एक शिट्टी अन् हिरवी लोखंडी बादली घेऊन. पलटणीच्या संघात ते खेळलेले. आमच्या बौद्धवाड्यातली पोरं अन् गावातली पोरं मिळून त्यांनी 'जवान संघ' उभा केला. अट एकच: खेळ सुटला की सगळ्यांनी त्या बादलीतलं पाणी एकाच तांब्यानं प्यायचं. मी तेव्हा समतेची पत्रकं वाटत हिंडायचो. ती कुणी वाचली नाहीत. बादली मात्र रोज रिकामी व्हायची.

फुटबॉलला पाय लावू देण्याआधी मामांनी महिनाभर कवायत घेतली. शिट्टी वाजली की जागच्या जागी सावधान! परभणीतल्या पहिल्या सामन्यात पंचांनी सुरुवातीची शिट्टी फुंकली अन् आम्ही अकराही जण ताठ उभे... समोरच्यांनी सावकाश चेंडू आणून गोल केला. गोलकीपर मीच. छाती पुढे काढून चेंडू शेजारून जाताना पाहिला. मामा काठावरून ओरडले, "अरे लेकरांनो, आता पळा की रे!"

दुसऱ्या वर्षी आम्ही जिंकायला लागलो. तेव्हा मैदानाचे मालक, म्हणजे ज्ञानोबाचे चुलते, आले. "हवालदार, खेळ लय झकास चाललाय. फकस्त आमच्या पोरांचा हंडा येगळा ठिवा. न्हाई तर मैदान बंद."

मामा शांतपणे म्हणाले, "पलटणीत एकाच बाटलीतलं पाणी पिऊन आमी लढलो, मालक. मैदान तुमचं हाय. बादली माझी हाय."

ज्ञानोबानं चुलत्यांसमोरच तांब्या बुडवला अन् घटाघटा प्याला. आठवड्यात मैदानावर नांगर फिरला. संघ संपला, पण हंडा वेगळा झाला नाही. असल्या शेवटाची मला लाज वाटत नाही. ज्यांना वाटायला हवी, ते अजून मिशीला पीळ देत हिंडतात.

मामांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे शोकसभेला, संघातले आम्ही सात जण जमलो. अंगणात तीच बादली भरून ठेवलेली. ज्ञानोबानं तांब्या बुडवला, तेवढ्यात मामींनी खुंटीवरची शिट्टी काढून माझ्या हाती दिली. मी सवयीनं फुंकली... सहाही जण ताठ! ज्ञानोबाच्या हातातला तांब्या ठिबकतोय, पण हलायला कुणी तयार नाही. मामींनी डोळ्यांना पदर लावला. मग हसू दाबत ओरडल्या, "आता पळा की रे!"