जळगाव की नाशिक... आणि आईचं वजन

भूतबित, उतारे, अंगात येणं... असलं काही परळच्या आमच्या खोलीत बाबांनी कधी चालू दिलं नाही. आम्ही बौद्ध, त्यात मी पायलट. म्हणजे हौशी, खासगी लायसन्सवाला. आकडे सांगतील तेवढंच खरं मानणारा.

बाबा गेल्यापासून आई गप्प गप्पच होती. म्हटलं, हिला एक दिवस विमानाने फिरवून आणू. जुहूहून दोन सीटचं भाड्याचं विमान. जळगावला उतरलो तर पुढे गाडीने अजिंठा – बाबांचं तेवढं बघायचं राहून गेलं होतं. नाहीतर जवळचं नाशिक. लेणी तिथेही आहेतच.

एवढ्याशा विमानात माणसांचं वजन वाढलं की इंधन कमी भरावं लागतं, मग लांबचा एअरपोर्ट बाद. म्हणून माझा नियम – वजन अंदाजाने धरायचं नाही, काट्यावरच घ्यायचं. आदल्या दिवशी आईला काट्यावर उभं केलं. पन्नास किलोची माझी आई... आणि काटा एकशे सतरा! मी उभा राहिलो तर बरोबर. शेजारच्या वहिनींचा काटा आणला. आई पुन्हा एकशे सतराच.

आई शांतपणे म्हणाली, "हे पण येतायत. जळगावच कर."

"काहीतरीच काय आई! काटे बिघडलेत."

म्हणालो खरा, पण हिशोबात पन्नास धरायला धीर होईना. एकशे सतरा धरले. जळगाव बसेना... नाशिक ठरवलं.

जुहूला विमानाने जमीन सोडायला वेळ घेतला, अगदी एकशे सतरा धरून लागायला हवा तेवढाच. मी आकडे पुन्हा ताडून पाहिले. आई मात्र खूश, खिडकीतून काय काय दाखवत होती. मला नव्हे.

नाशिकची लेणी पाहिली आणि परत निघालो. आता विमान झटकन उचललं गेलं. इंधन जळलं होतं, कबूल, पण त्याने एवढा फरक पडत नाही. आई एकदम मागे वळून ओरडली, "अरे थांब! हे खालीच राहिले!"

मी वळलो नाही. टॉवरला काय सांगून वळणार होतो?

घरी दोन्ही काट्यांवर आई पन्नास भरली. विमान तपासून घेतलं, त्यात काही निघालं नाही. अजून मला याचा अर्थ लागलेला नाही. आई त्यावर एकदाच बोलली.

"ते नव्हतेच, तर त्यांचं वजन का धरलंस? आणि धरलंस, तर त्यांना मधेच का उतरवलंस रे?"