धोंडीनं निवडलेलं पातं

पोशेऱ्याचा धोंडी साठीला आला आहे. उंची बेताची, मान पुढे काढून चालण्याची सवय. लिहिता येत नाही. पंचविशीपासून जव्हारच्या बाजाराला जाताना पाड्यातलं कुणी ना कुणी त्याला बरोबर नेत असे, कारण कोयता घ्यायचा तर तो धोंडीनंच पारखलेला. पात्यावर नखानं टिचकी मारून तो ते कानाशी धरायचा आणि आवाज विरेपर्यंत डोळे मिटून उभा राहायचा. लांब वाजलं तर घ्यायचं. लवकर विझलं तर परत ठेवायचं. बदल्यात एक चहा आणि भजी. एवढीच त्याची कीर्ती, आणि तीही मोखाडा-जव्हारच्या पलीकडे गेली नाही.

सात वर्षांपूर्वी त्यानं हे सोडलं.

माघात इथं राब तोडतात. ऐनाच्या फांद्या छाटून वाळवायच्या, शेताच्या तुकड्यावर पसरून जाळायच्या, आणि त्या राखेत भाताचं, नाचणीचं रोप टाकायचं. दरवर्षी छाटलेल्या ऐनाला खाली फांदी उरत नाही, नुसता सरळ बुंधा उरतो. चढणारा माणूस मग कोयत्याचं टोक बुंध्यात रुतवतो, घडीभर पात्याच्या पाठीवर पाय ठेवतो आणि वरचं काही धरतो. असं करू नये, असं सगळे सांगतात. करतात सगळेच. धोंडीचा थोरला भाऊ सखा असाच दोन पुरुष उंचीवर पोचला होता. कोयता धोंडीनं निवडलेला. पातं मधोमध मोडलं. सखा खडकावर पडला आणि मोखाड्याला नेईपर्यंत राहिला नाही.

मुठीकडचं अर्धं पातं सखाच्या बायकोनं, सोमीनं, टाकलं नाही. ती त्यानं सुकी मासळी तोडते. धोंडी तिच्याकडे जेवायला बसला की ते चुलीशेजारी पडलेलं असे. सोमी त्याबद्दल कधी बोलली नाही. धोंडी भिंतीकडे तोंड करून जेवू लागला. बाजाराला कुणी बोलावलं तर म्हणू लागला, "मला आता ऐकू येत नाय." ऐकू त्याला चांगलं येत होतं.

सखाचा मुलगा हरेश फौजेत आहे. यंदा फेब्रुवारीत तो बारा दिवसांच्या सुट्टीवर आला. परत गेल्यावर त्याला सहा आठवडे ईशान्येकडच्या जंगलात शिकायला जायचं होतं. पाठीवर थोडकं सामान, राहणं झाडाखाली, आणि प्रत्येकाकडे आपला एक चाकू. त्यानं मोबाइलवरून एक मागवला होता. काळं पातं, पाठीवर करवतीचे दात, पोकळ मूठ. मुठीच्या बुडाला होकायंत्र, आत आगकाड्या आणि मासे धरायचा गळ. तिसऱ्या दिवशी चुलीसाठी लाकूड फोडताना पातं मुठीतून निसटून कोंबड्यांत जाऊन पडलं. आत पाहिलं तर करंगळीएवढ्या खिळ्यावर सगळा संसार उभा होता.

"होकायंत्र चांगलं हाय," सोमी म्हणाली. "कोंबड्यांना दिशा कळंल."

"आये, हसू नको. आठ दिवस राहिलेत."

"मग काकाला घेऊन जा जव्हारला."

हरेशनं तिच्याकडे पाहिलं. "काका येतो का आता?"

"मी सांगितलंय म्हणून सांग."

धोंडीनं निरोप ऐकला. बराच वेळ तो दारातल्या बांबूची सालं काढत राहिला. मग आत जाऊन सदरा घालून आला.

फागू लोहाराचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. फागू धोंडीच्याच वयाचा. ट्रकच्या मोडीतल्या कमानीचे पाटे आणून तो कोयते, कुऱ्हाडी, विळे घडवतो. धोंडीला बघून त्यानं भट्टीचा पंखा बंद केला.

"मेलास असं वाटलं मला."

"अजून नाय."

हरेशनं काय हवं ते सांगितलं. खोदायला, फोडायला, तोडायला, ठोकायला, सगळ्याला एकच. फागूनं विचारलं, घडीचा की सरळ? उत्तर धोंडीनं दिलं. "सरळ. घडी आली की सांधा आला." मग तो थांबून थांबून सांगत गेला. पातं वीतभर, जास्त लांब नको. पाठ रुपयाची तीन नाणी एकावर एक ठेवली तर होईल तेवढी जाड. दात नकोत, दातांच्या खाचेतूनच पातं जातं. मुठीच्या शेवटापर्यंत तीच पट्टी गेलेली, दोन्ही बाजूंनी धामणीचं लाकूड, आरपार ठोकलेल्या तीन खिळ्यांचे रिपीट. टोक असावं, पण सुईसारखं नको.

"आणि पाणी?" फागूनं विचारलं.

लोखंड लाल करून तेलात बुडवतात, त्याला पाणी देणं म्हणतात. जास्त बसलं तर धार टिकते, पण पातं काचेसारखं होतं. पुन्हा मंद आचेवर धरून ते उतरवलं तर पातं लवतं, आणि धार लवकर जाते.

धोंडीनं समोरचा एक विळा उचलला आणि टिचकी न मारताच परत ठेवला.

"दोन करतो," फागू म्हणाला. "एक कडक, एक उतरवलेला. परवा ये. निवड तुझी. मागल्या खेपेला पण मी सांगितलंच होतं."

"काय सांगितलं होतं?" हरेशनं विचारलं.

फागूनं पंखा सुरू केला.

परतीच्या एसटीत धोंडी खिडकीपाशी बसला. उतार संपला. मग बाहेर बघतच म्हणाला, "तुझ्या बापाच्या कोयत्याला पाणी जास्त बसलं होतं. फागू बोलला, हा ठेव, दुसरा ने. दुसरा वाजत नव्हता. मी वाजणारा घेतला." हरेश पुढच्या सीटच्या दांडीला धरून बसला होता. त्यानं हात काढला नाही. मोखाड्याला गाडी थांबली तेव्हा दोघं उतरले आणि पोशेऱ्याच्या जीपमध्ये वेगवेगळ्या बाकावर बसले.

तिसऱ्या दिवशी दोन्ही चाकू घरी आले. दिसायला जुळे. ओळखू यावा म्हणून फागूनं कडक चाकूच्या मुठीवर एक खाच पाडली होती. हरेशनं अंगणात बांबू उभा करून दोन्ही चालवून पाहिले. खाचेचा एका फटक्यात पार गेला. दुसऱ्याला दोन फटके लागले, आणि दहा बांबूंनंतर त्याची धार बोटाला कळेनाशी झाली.

"हाच नेतो," हरेश खाचेचा चाकू उचलून म्हणाला. "वाजतो पण काय!"

धोंडीनं तो त्याच्या हातातून घेतला. अंगणाच्या कडेला ऐन आहे. त्यानं कमरेच्या उंचीवर चाकूचं टोक लावलं, दगडानं ठोकून चार बोटं आत घातलं आणि चप्पल काढली.

"काका, मी राहतो उभा."

"तू नाय."

सोमी ओटीवर मासळी साफ करत होती. तिचा हात थांबला. धोंडी बुंध्याला मिठी मारून पात्यावर चढला. काही झालं नाही. त्यानं एक पाय उचलून पुन्हा जोरानं टेकवला. काटकी मोडावी तसा आवाज आला आणि तो पाचोळ्यात कुशीवर पडला. हरेश धावला, पण धोंडी त्याच्याआधी गुडघ्यावर उठला होता. त्यानं दुसरा चाकू मागितला.

"पुरे आता," हरेश म्हणाला.

"दे."

दुसरा चाकू त्याच्या वजनानं बोटभर खाली झुकला. धोंडीनं पाय उचलून टेकवला, पुन्हा टेकवला. तीनदा. मग तो हळूच उतरला आणि पातं उपटून डोळ्यांसमोर आडवं धरलं. ते पुन्हा वर आलं होतं, पण पुरतं सरळ नव्हतं.

"वाकडा झाला," हरेश म्हणाला.

"ठोकून सरळ होतो. हा ने."

सोमी ओटीवरून खाली आली. तिनं पाचोळ्यात वाकून मोडक्या चाकूचा मुठीकडचा तुकडा उचलला, पदराला पुसला आणि नखावर फिरवून पाहिला.

"हे टाकू नका," ती म्हणाली. "कडक लोखंडाची धार बरी राहते. आधीचं अर्धं पातं आता घासून घासून संपत आलंय."

धोंडी तिच्याकडे बघत राहिला.

"काय झालं भाऊजी? लागलं का?"

"नाय."

"मग हात धुवा. जेवायला बसा."

त्या दिवशी तो कुठं तोंड करून बसला ते कुणी पाहिलं नाही.

हरेश दुसरा चाकू घेऊन गेला. जंगलात शिरल्यावर फोन लागणार नाही, असं त्यानं सांगूनच ठेवलं होतं. त्या सहा आठवड्यांत धोंडीला दोघांनी कोयत्यासाठी बाजाराला बोलावलं. दोघांनाही त्यानं ऐकू येत नाही असं सांगितलं. एप्रिलात, राब भाजायच्या दिवसांत, तो शेताच्या बांधावर आगीला राखण बसला असताना फोन वाजला.

"काका, काय चाकू दिलास रे! रोज संध्याकाळी दगडावर घासतोय. पोरं हसतात मला, लोहार म्हणतात."

धोंडीनं मोबाइल दुसऱ्या कानाला लावला. "मोडला नाय ना?"

"मोडतोय कसला. वाकतोय फक्त. पण धार, काका, धार टिकत नाय अजिबात."

"मग लाव की," धोंडी म्हणाला, आणि आग बांधाकडे सरकत होती म्हणून फोन ठेवून उठला.