नावड्याच्या बायकांचं म्हणणं

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आणि जिला सांगायला हवं तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण लिहायला बसले आणि आधी चहा केला, मग कपाट आवरलं, मग परत चहा केला. आता सांगते.

विधानसभेच्या निवडणुकीआधीची गोष्ट. वाशीच्या मार्केटात एका मसाल्याच्या व्यापाऱ्याकडे मी बरीच वर्षं ऑफिसचं काम करत होते. ते सुटलं, आणि ओळखीतून सर्व्हेचं काम मिळालं. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, दिवसाला वीस फॉर्म. कोणत्या पक्षासाठी ते आम्हाला सांगत नसत आणि आम्हीही विचारत नसू. प्रश्न फक्त बायकांना विचारायचे. त्याही अशा बायकांना, ज्या कोणाच्या सभेला जात नाहीत, कोणाच्या नावाने भांडत नाहीत, आणि मत कोणाला म्हटलं की 'अजून ठरलं नाही' म्हणतात. आमचे सर त्यांना 'काठावरच्या बायका' म्हणायचे.

मी स्वतः काय वेगळी होते? घरी नवरा आणि मुलगा टीव्हीसमोर तावातावाने वाद घालतात आणि मी भाजी निवडते. मला कोणी विचारलंच तर मी म्हणते, 'बघू.' 

तर मला नावडे मिळालं. तळोज्याच्या कारखान्यांजवळची वसाहत. पहिल्या दोन इमारतींत नेहमीसारखंच झालं. अर्धवट उघडलेलं दार, 'मिस्टर घरी नाहीत', 'उद्या या'. तिसऱ्या इमारतीत शैलाताई भेटल्या.

शैलाताई साताऱ्याकडच्या. एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायच्या. नवरा वाशीच्या मार्केटात माथाडी. मुलगी प्रतीक्षा, नुकतीच बी.एस्सी. झालेली. मी दारातच ठरलेलं वाक्य म्हटलं, 'आम्ही महिलांची मतं जाणून घेत आहोत.' त्यांनी लाटणं धुता धुता माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजी आमचं मत इचारायला आलाय?"

"हो."

"मालकांचं न्हवं?"

"नाही. तुमचंच."

त्या इतक्या हसल्या—मला अजून ते हसू दिसतं. मग म्हणाल्या, "मॅडम, आज नगं. असं उभ्या उभ्या न्हाई सांगता यायचं. परवा माझी सुट्टी हाय. परवा या, मी इचार करून ठेवते."

विचार करून ठेवते! माझ्या ओळखीच्या कोणीही, मी धरून, मत देण्याआधी असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

परवा गेले तर घर झाडून पुसून ठेवलेलं, सतरंजी घातलेली, पोहे झालेले. आणि शैलाताईंसोबत आणखी दोघी. शेजारच्या कांबळे वहिनी, लातूरकडच्या, अंगणवाडीत मदतनीस. आणि जुन्या नावडे गावातल्या म्हात्रे मावशी, ज्यांची शेती कारखान्यांत गेली. तिघींनी आदल्या दिवशी बसून आपलं म्हणणं ठरवलं होतं. शैलाताईंनी ते प्रतीक्षाच्या जुन्या वहीच्या कागदावर लिहिलं होतं. प्रतीक्षा म्हणाली होती मी लिहून देते, पण यांनी लिहू दिलं नाही. 'मतदान मी करनार, मग लिवनार बी मीच.'

जवळजवळ तीन तास आम्ही बसलो. खरं सांगते, त्या कामात इतकं चांगलं मला कधी वाटलं नाही. त्या कोणावर चिडलेल्या नव्हत्या. हा चोर, तो लबाड, असलं काही नाही. कांबळे वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या घरी फोटो वेगळे, यांच्या घरी देव वेगळे. पण प्रतीक्षाला ताप आला तर मीच बसते ना तिच्यापाशी? मग निवडणूक आली की आम्हाला वेगवेगळं का करतात? ते तेवढं लिहा." म्हात्रे मावशींना संध्याकाळी येणाऱ्या वासाबद्दल सांगायचं होतं. "कपरं वालत घालाची सोय नाय. नातू रातभर खोकतंय. कंपनी बंद करा नाय सांगत आमी. वास बंद करा, येवरंच." आणि शैलाताईंना बस हवी होती. दुसऱ्या पाळीतून रात्री उशिरा सुटणाऱ्या बायकांना घरी आणणारी. प्रतीक्षाला एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी मिळत होती, पण दुसरी पाळी होती.

मत कोणाला, यावर तिघींचं एकच उत्तर. जो हे वाचेल आणि उत्तर देईल त्याला. होय किंवा नाही, काहीही. पण उत्तर द्यावं.

निघताना शैलाताईंनी तो कागद घडी करून माझ्या हातात दिला. "ताई, पोचवाल न्हवं?" मॅडमची ताई कधी झाले होते कोणास ठाऊक. मी म्हटलं, "पोचवते. माझा शब्द." आणि माझा फोन नंबरही दिला.

आता इथे मला थांबावंसं वाटतंय. इथपर्यंतची मी मला आवडते.

त्या दिवशी माझे विसांपैकी पाचच फॉर्म झाले होते. टॅबवर 'सर्वात महत्त्वाचा प्रश्न' याच्याखाली सहा पर्याय होते आणि शेवटी 'इतर'. 'इतर' निवडलं की टाइप करावं लागे, आणि तसे फॉर्म सर परत पाठवत. मी तिघींच्या नावापुढे 'महागाई' केलं. तीनदा बोट टेकवलं, झालं. 'मत कोणाला'पुढे—'अनिश्चित.' ही माझी चूक खरी, पण हीच असती तर मी तुम्हाला इतका वेळ बसवून ठेवलं नसतं.

संध्याकाळी ऑफिसात गेले. सगळे जमलेले, चहा आलेला. सरांनी विचारलं, पाचच का? आणि मी—स्वतःला वाचवायला म्हणा, चार लोकांत भाव खायला म्हणा—तो कागद बाहेर काढला. म्हटलं, "सर, नावड्यात मला जाहीरनामाच मिळालाय. ऐका."

आणि मी वाचून दाखवला.

कागदावर असं होतं. मला पाठ आहे. 'दूसऱ्या पाळीच्या बायकानसाठी बस. वास बंद करने. दवाखान्यात बाई डाक्टर पायजे, बायकाना सगळ सांगता येत नाही. धरमावरून भांडन लावू नये आमाला शेजारी रहायच हाय. फूकट काय नको वेळेवर पायजे.' खाली तीन सह्या. म्हात्रे मावशींचा अंगठा धरून तीन.

मी नुसतं वाचलं नाही, ते सोंग काढून वाचलं. डोक्यावर ओढणीचा पदर घेतला. 'भांडन', 'पायजे', 'हाय'—एकेक शब्द लांबवला. सगळे हसले. सर इतके हसले की त्यांच्या बशीत चहा सांडला. कोणीतरी म्हणालं, "मॅडम, तुम्हाला काय मस्त जमतं हो!"

का जमणार नाही? माझी आई वाई तालुक्यातली. ती जन्मभर असंच बोलली. 'आमाला पायजे', 'लिवनार', 'न्हवं'. वाशीच्या शाळेत मुली मला हसायच्या, म्हणून मी आरशासमोर उभी राहून 'ण' म्हणायला शिकले होते. त्या संध्याकाळी माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो शैलाताईंचा नव्हताच, तो आईचा होता. हे मला तेव्हाच कळलं. वाचता वाचता कळलं. आणि तरी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, कारण लोक हसत होते.

दुसऱ्या दिवशी त्या कागदाच्या पाठीवर मी पुढच्या इमारतीतल्या घरांचे नंबर लिहिले. ती इमारत झाल्यावर तो फेकून दिला.

पंधरा दिवसांनी शैलाताईंचा फोन. "ताई, पोचलं का वं?" मी रबाळ्याच्या एका बसस्टॉपवर उभी होते. 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, "हो, पोचलं. साहेबांनी स्वतः वाचलं." "कुठल्या सायबांनी?" समोर एका उमेदवाराचा बॅनर होता. मी त्याचं नाव सांगितलं. त्यांनी ते नाव हळूच परत म्हटलं. मला वाटलं पकडली गेले. तर त्यांचा आवाज एकदम भरून आलेला—"वाचलं? आमचं?" आणि मग माझ्याने थांबवेना. म्हटलं, "बसचं नक्की करतो म्हणाले. सहा महिन्यांत."

त्या तिघींनी त्याला मत दिलं. आणखी कितीजणींना द्यायला लावलं मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. प्रतीक्षाने ती नोकरी धरली. सहा महिन्यांचाच प्रश्न, तोवर बाबा न्यायला येतील, असं घरात ठरलं.

तो उमेदवार निवडून आला. सहा महिने गेले, बस आली नाही. तेव्हा तिघी चांगल्या साड्या नेसून त्याच्या ऑफिसात गेल्या, आठवण करून द्यायला. तिथल्या माणसाने त्यांना बसवलं, पाणी दिलं, फायली पाहिल्या आणि म्हणाला, "ताई, असा कागद आमच्याकडे आलेलाच नाही." तो खरंच बोलत होता.

त्या संध्याकाळी शैलाताईंनी मला फोन केला. मी उत्तर तयार ठेवलं होतं, त्यांच्याकडून गहाळ झाला असेल वगैरे. पण त्यांनी जाब विचारलाच नाही. त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही की मी खोटं बोलले असेन. म्हणाल्या, "ताई, एक इचारू? खरं सांगा. माझं लिवणं लई वंगाळ हुतं का? कुनाला वाचताच आलं नसंल, म्हनून टाकून दिला असंल. तुमी भिडेपोटी बोलला न्हाईत, व्हय ना?"

पाहा—इथे दार उघडं होतं. मी एवढंच म्हणायचं होतं की कागद मी फेकला.

मी म्हटलं, "हो. म्हणजे—शुद्धलेखन जरा कच्चं होतं. पुढच्या वेळी कोणाकडून तरी लिहून घ्या."

"आसं व्हय," त्या म्हणाल्या. "प्रतीक्षा म्हनत हुती मी लिवते. म्याच ऐकलं न्हाई." आणि मग—मला जेवायला बोलावलं.

हेच ते. हे सांगायला मला इतकी पानं लागली. फॉर्म नाही, बसचं खोटंही नाही. शैलाताईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, आणि तो हात वाईट आहे असं मी त्यांना सांगितलं.

पुढे काय झालं तेही सांगते. एमआयडीसीच्या रस्त्यावर दोनदा एक मोटरसायकल प्रतीक्षाच्या मागे आली. त्या दिवसांत वडिलांची पाठ धरली होती, त्यांना न्यायला जाता येत नव्हतं. दुसऱ्यांदा झालं तेव्हा घरच्यांनी नोकरी बंद केली. ती आता वसाहतीतच शिकवण्या घेते. मला 'मावशी' म्हणते.

मी ते काम सोडलं, पण शैलाताईंनी मला सोडलं नाही. कैऱ्या आल्या की लोणच्याची बरणी येते. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या दोन दिवस रजा टाकून माझ्या घरी राहिल्या, माझी वेणी घातली, आणि मी डोळे मिटून पडले. त्यांना वाटलं मला झोप लागली.

पालिकेची निवडणूक होती त्या संक्रांतीला मी त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेले होते. कांबळे वहिनी होत्या, म्हात्रे मावशी होत्या. तिळगूळ वाटणं चाललं होतं. दारावर टकटक झाली. माझ्याच वयाची एक बाई उभी. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. उन्हातून आलेली. "आम्ही महिलांची मतं जाणून घेत आहोत," ती म्हणाली.

मी खाली पाहिलं. मला वाटलं आता शैलाताई हसतील, आत बोलावतील, परवा या म्हणतील.

त्यांनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. पाण्याचा तांब्या आणून दिला. आणि अगदी मायेने, तिला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाल्या,

"आमचं काय म्हननं न्हाई, बाई. तुमी तुमच्या मनानं भरा."

ती बाई पाणी पिऊन गेली. शैलाताई परत येऊन माझ्या शेजारी बसल्या आणि माझ्या कपाळाला हळदीकुंकू लावायला हात पुढे केला. मी कपाळ पुढे केलं.